मानाची जागा

१

अख्ख्या कॉलेजातून एक अर्ज आला. एक! आणि तोही कुणाचा, तर ज्या पोराला फाटकापर्यंत सोडायला ड्रायव्हर येतो त्याचा.

हे मला प्राचार्यांच्या खोलीत उभं करून सांगण्यात आलं. उभं करून म्हणते, कारण ‘बसा’ हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. शिक्षणासाठी मदत कुठून कुठून मिळू शकते हे मुलांना एका जागी सापडावं, म्हणून मी आणि माझ्या धाकट्या भावानं त्या कॉलेजसाठी वेबसाइट बनवली होती. मुलानं घरची माहिती भरायची, की त्याला लागू पडणाऱ्या शिष्यवृत्त्यांची यादी समोर. दिसणं माझं, आतली यंत्रणा धाकट्याची. साइटचं हे पहिलंच वर्ष. त्यातली सगळ्यांत मोठी शिष्यवृत्ती एक आजी स्वतःच्या पुंजीतून, घरात एकच कमावता असलेल्या मुलांना देतात, आणि नेमका तिलाच अर्ज एक.

"गेल्या वर्षी कागदी अर्जांचा ढीग लागला होता," प्राचार्य म्हणाले. "यंदा तुमची साइट आली आणि मुलं झोपली. वर एक मुलगी म्हणते, ती शिष्यवृत्ती साइटवर नव्हतीच."

"नव्हती कशी? ही काय!" मी त्यांच्या टेबलावरच्या भल्या मोठ्या पडद्याकडे बोट दाखवलं. उजव्या बाजूच्या चौकोनात, सोनेरी कडेत, आजींची शिष्यवृत्ती ठसठशीत दिसत होती.

"तेच म्हणतोय मी. मुलगी खोटारडी तरी आहे, नाहीतर आळशी. मुदत काल संपली. उद्या आजी येतील, त्या मुलाला चेक देतील, विषय संपला."

शेजारी उपप्राचार्या मॅडम बसल्या होत्या. "हिला कशाला रागावता, सर? किती सुंदर केलीय साइट," असं म्हणून त्यांनी माझी बाजू घेतली. मला त्या पहिल्यापासून आवडायच्या. साइट पास करायच्या बैठकीत बाकीची मंडळी रंगांवरून हमरीतुमरीवर आली असताना ‘हे फोनवर कसं दिसेल?’ असं विचारणाऱ्या त्या एकट्याच होत्या. धाकटा त्यांना कोपऱ्यात बराच वेळ समजावत बसला होता, आणि मी प्राचार्यांना निळ्या रंगाच्या छटा.

बाहेर आले तर व्हरांड्यात एक मुलगी पत्र्याच्या पेटीवर बसलेली. वसतिगृहाची खोली उद्यापर्यंत रिकामी करायला सांगितली होती तिला. फी भरायला दुसरा आधार नव्हता, म्हणजे दुसऱ्या वर्षातच शिक्षणाला रामराम.

"ताई, साइट तुम्हीच बनवली ना?" ती म्हणाली. "मी खोटं बोलत नाही. रोज बघत होते. नव्हती ती."

‘अगं, डोळे उघडून बघायचं की,’ हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण तिचा चेहरा रडवेला नव्हता, चिडलेला होता. म्हटलं, चल, इथल्या कॉम्प्युटरवरच तुला दाखवते.

तर कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप. दारावर पाटी, ‘रंगकामासाठी बंद’. काचेतून आत डोकावले. कॉम्प्युटर पांघरुणाखाली, कोपऱ्यात रंगाचे सीलबंद डबे एकावर एक रचलेले, भिंतीवर ओलीचा मोठा डाग आणि छताला कोळ्यानं थाटलेला संसार. किल्ली हेडक्लार्ककडे होती. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मुदत संपल्यावर आता काय बघायचंय? तुमच्या साइटनं आमचं काम वाढवलं तेवढं पुरे."

माझं डोकं फिरलं. मुलीला पेटीसकट उचलून मी घरी आणलं. घरी माझी आत्या होती, आणि आत्यापुढे आजवर कुणाचं खोटं टिकलेलं नाही.

२

आत्यानं उभा जन्म विमा कंपनीत आगीचे दावे तपासण्यात घालवला. गोदाम जळालं म्हणून भरपाई मागणारे लोक, आणि राखेत काठी घालून उकरणारी आत्या. निवृत्त झाली तरी उकरायची खोड गेली नाही. ‘जळालेलं सगळ्यांनाच दिसतं. जळायला हवं होतं आणि जळलं नाही, ते आधी बघावं,’ हे तिचं पालुपद आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

मी तणतणत सगळं सांगितलं. आत्यानं मधेच हात वर केला.

"तू पुरे. पोरी, तू बोल. नाहीतर असं कर, बोलूच नकोस. रोज कशी बघायचीस ते मला करून दाखव."

मुलीनं खिशातून फोन काढला. काचेला आडवा तडा, मागचं झाकण रबरानं बांधलेलं. तिनं साइट उघडली, माहिती भरली. घरात कमावणारी एकटी आई, वर्ष दुसरं. मी तिच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसले आणि अक्षरन् अक्षर तेच भरलं.

"हं. दोघी एकदम दाबा," आत्या म्हणाली.

माझ्या पडद्यावर यादी आली आणि उजवीकडे सोनेरी कडेत आजींची शिष्यवृत्ती.

मुलीच्या फोनवर यादी आली. तिनं अंगठ्यानं ती वर सरकवली, आणखी वर सरकवली, अगदी तळापर्यंत. छोट्यामोठ्या मदती होत्या. आजींची शिष्यवृत्ती नव्हती.

मी फोन तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. पुन्हा बघितलं. नव्हती. एकाच सतरंजीवर, एकाच वेळी, एकच साइट, आणि दोघीही खऱ्या!

"आता मला सांग," आत्या माझ्याकडे वळली, "हिला खोटारडी कोण म्हणालं होतं?"

३

धाकट्याला हाक मारली. तो टॉवेलनं डोकं पुसत आला, दोन्ही पडदे बघितले आणि टॉवेल तसाच डोक्यावर राहिला.

"ताई, ही चौकोनात कशी गेली? ही तर यादीत होती!"

"मग? चौकोनात गेली तर काय झालं?"

"अगं, तो चौकोन फोनवर नसतोच! फोनवर जागा कुठाय? तिथं कॉलेजचे फोटोबिटो यायचे होते, म्हणून लहान पडदा आला की तो चौकोन गाळायचा, असं मी ठेवलंय. शोभाच ती. गेली तर गेली."

आम्ही साइट बनवणारी माणसं मोठ्या पडद्यावर बनवतो, मोठ्या पडद्यावर तपासतो आणि मोठ्या पडद्यासमोरच एकमेकांची पाठ थोपटतो. आणि ज्यांच्यासाठी बनवतो ती मुलं तडा गेलेल्या फोनवर बघतात. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहेत ती मदतीच्या साइटवर कशाला फिरकतील? म्हणजे गरजूंची शिष्यवृत्ती फक्त बिनगरजूंना दिसत होती. संताप येतो हो, आजही लिहिताना येतो.

"यादीतून चौकोनात कुणी नेली?" आत्यानं विचारलं.

धाकटा माझ्याकडे बघायला लागला.

"मी," मी म्हणाले. "बैठकीच्या दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कचा फोन आला होता. ‘देणगीदारांचा मान राहिला पाहिजे. इतरांच्या गर्दीत ती शिष्यवृत्ती नको. यादीतून काढा आणि उजवीकडच्या चौकोनात एकटी ठेवा.’ मला वाटलं, ठीक आहे. मानाची जागा. सोनेरी कड मीच दिली."

"हेडक्लार्क!" धाकटा ओरडला. "त्याला पहिल्यापासून आपली साइट डोळ्यांत खुपतेय."

"एवढ्यात कुणाला फाशी देऊ नका," आत्या म्हणाली. "हा नुसता गाढवपणाही असू शकतो. आगीचंही असंच असतं. विडी चुकून पडते आणि विडी मुद्दाम टाकतात, राख सारखीच. दार आतून उघडं होतं की बाहेरून बंद, एवढंच बघायचं." मग ती मुलीकडे वळली. "पोरी, फोन सोडून दुसरीकडे कुठे बघता आली असती तुला साइट?"

"कॉलेजच्या कॉम्प्युटरवर. पण अर्ज सुरू झाले त्याच दिवसापासून खोली बंद आहे. रंग चाललाय ना."

मला तो कोळी आठवला. मी म्हणाले, "आत्या, तिथं रंगाचा एक फटकारासुद्धा मारलेला नाहीये."

आत्या हसली. तिचं हे हसू ज्यांनी पूर्वी बघितलं, त्यांची भरपाई कधीच मंजूर झाली नाही.

४

सकाळी आम्ही चौघं पेटीसकट कॉलेजात. हेडक्लार्क दिसताच माझा तोल सुटला.

"पोरांच्या ताटातलं काढताना लाज नाही वाटली? निरोप तुमचा, किल्ली तुमची!"

"तोंड सांभाळा!" ते उसळले. "मी बैठकीत नव्हतो. मला त्या चौकोनातलं काय कळतं? वरून निरोप आला, मी फोन केला."

"वरून म्हणजे कोणाकडून?"

"वरून म्हणजे वरून. मला अजून नोकरी करायचीय."

आत्यानं मला कोपरानं मागे सारलं आणि शेजारच्या बाकावर आरामात बसली. "रंगारी कधी यायचेत हो?"

त्या माणसाचा चेहरा पडला. "तेच मी विचारतोय, बाई. डबे येऊन पडलेत, रंगाऱ्याचा पत्ता नाही. मी कितीदा म्हटलं, रंगारी येईपर्यंत खोली उघडू द्या, पोरं रोज येऊन परत जातात. माझ्या टेबलाशी येऊन मलाच शिव्या घालतात ती."

"मग?"

"वरून नको म्हणाले."

आत्यानं मान डोलावली. बाजूला आल्यावर मला म्हणाली, "याला सोड. ज्याला खोली बंद हवी तो ती उघडा म्हणून मागे लागत नाही. तिरसट आहे, चोर नाही. तिरसट माणसाला पकडायचं तर आधी तुलाच पकडावं लागेल."

देणगीदार आजी वेळेआधीच येऊन बसल्या होत्या. किडकिडीत बाई, मांडीवर कापडी पिशवी. मानाच्या जागेचं विचारलं तर त्या चक्रावल्या.

"मी? मी कशाला मान मागू? मला तर नावसुद्धा नको होतं. माझं शिक्षण दुसऱ्या वर्षाला फीपायी सुटलं. तसं कुणाचं सुटू नये, एवढंच मागणं. बैठकीत तो चौकोन मी बघितला खरा. हा मुलगा मॅडमना समजावत होता तेव्हा मी शेजारीच होते. मला ओ की ठो कळलं नाही. मॅडमना मात्र लगेच कळलं, त्यांनी दोनदा विचारून घेतलं."

उपप्राचार्या मॅडमनी आमचं हसून स्वागत केलं, चहा मागवला. शिष्यवृत्तीचं ऐकून हळहळल्या. "बिचारी मुलं. पण मला बाई त्या कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. तुम्ही तज्ज्ञ मंडळी. सरांना विचारा, मानापानाची आवड त्यांना जास्त."

चहा चांगला होता. मी अर्धा प्यालेही होते. तेवढ्यात दाराशी उभी असलेली पेटीवाली मुलगी सहज बोलली.

"मॅडम, मी तुमच्याकडे आले होते ना. गेल्या वर्षीची ती मोठी शिष्यवृत्ती यंदा नाही का, म्हणून."

"आली असशील. किती मुलं येतात."

"तुम्ही म्हणालात, साइटवर दिसली तरच असते. नाही दिसली तर आपल्यासाठी नाही असं समजावं."

मॅडमनी कप खाली ठेवला. त्यांचं हसू तसंच होतं, पण ते आता नुसतं ओठांवर होतं. आत्या उठली आणि म्हणाली, "प्राचार्यांना आणि आजींना बोलवा. सगळे कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊ. चेक तिथंच देऊ या."

५

हेडक्लार्कनं कुलूप उघडलं. इतक्या तत्परतेनं त्यांनी आयुष्यात कुठलं काम केलं नसेल. आम्ही सगळे त्या ओलीच्या डागासमोर उभे राहिलो. आत्या रंगाच्या डब्यावरच बसली.

"ही शिष्यवृत्ती कुणी पुसली नाही," ती म्हणाली. "कुणी लपवली नाही, मुदत बदलली नाही. जिथं मोठ्या माणसांना दिसेल आणि मुलांना दिसणार नाही अशा जागी, मानानं नेऊन बसवली. फोनवर तो चौकोन गळतो. ही चूक असू शकते. रंगकाम लांबणं, हीसुद्धा चूक असू शकते. पण फोनवरून दिसणार नाही अशी सोय झाली, आणि त्याच दिवसापासून फोनखेरीज बघायची एकुलती एक जागा बंद झाली. दोन्ही चुका हातात हात घालून आल्या. रंगारी ठरवलेलेच नाहीत, कारण रंगवायचं नव्हतंच. बंद करायचं होतं."

"सर, या कोण?" मॅडम म्हणाल्या. "यांना बोलायचा अधिकार काय?"

"हे ज्यानं केलं त्याला चौकोनाचं गुपित ठाऊक हवं," आत्या पुढे म्हणाली. "ते बैठकीत फक्त दोघींनी ऐकलं. हेडक्लार्क तिथं नव्हते. प्राचार्य माझ्या भाचीकडून निळा रंग शिकत होते, म्हणून तर ते काल येईल त्याला छातीठोकपणे स्वतःचा पडदा दाखवत होते. ज्याला गुपित ठाऊक आहे तो असं करणार नाही. ऐकणाऱ्यांपैकी आजींना कळलं नाही. आणि आजींनी स्वतःचीच देणगी लपवायचं कारण काय? उरल्या मॅडम. ज्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण ज्यांनी दोनदा विचारून घेतलं."

प्राचार्य खाकरले. "हे सगळे तर्क झाले."

"मग यांना विचारा, खोली बंद ठेवा असं कुणी सांगितलं. आणि चौकोनाचा निरोप कुणी दिला."

हेडक्लार्कनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा त्या पेटीवाल्या मुलीकडे. "दोन्ही निरोप मॅडमचे," ते म्हणाले. "गेली नोकरी तर गेली."

"आणि तो एकुलता एक अर्ज कुणाचा, सर?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

उत्तर आजींनी दिलं. "या मॅडमच्या भाच्याचा. मला सांगितलं होतं, घरात एकच कमावता आहे म्हणून."

एकच कमावता! खरंच होतं ते. बाप कमावत होता, आई घरी होती. त्या एका कमाईवर दारात मोटार आणि मोटारीवर ड्रायव्हर होता. नियमाला धक्का नाही, कागदाला डाग नाही.

मग मॅडमचा आवाज चढला. "मी काय चोरी केली? अर्ज कुणालाही करता येत होता! त्या मुलीशी मी एक शब्द खोटा बोलले का?"

"नाही," आत्या म्हणाली. "तेच तर वाईट आहे. खोटं बोलला असतात तर निदान खोटं रचायची तसदी तरी घेतली असतीत. तुम्ही त्या पोरीला तोंडावर सांगितलंत, की जे तुला दिसत नाही ते तुझ्यासाठी नाही."

प्राचार्यांनी पहिलं तोंड उघडलं, आणि काय बोलावं त्यांनी? "हे प्रकरण बाहेर जाता कामा नये. संस्थेचं नाव आहे. घरातली गोष्ट घरात मिटवू."

मी तोंड उघडणार, एवढ्यात आजींनी पिशवीतून चेक काढला आणि आमच्यासमोर त्याचे तुकडे केले.

६

"माझी शिष्यवृत्ती आहे," आजी म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी प्राचार्य सावरून उभे राहिले. "अर्ज पुन्हा मागवा. आत्ता. आणि या वेळी काय झालं ते त्याच साइटवर लिहा, सगळ्यात वर. नाहीतर पुढच्या वर्षीपासून मी दुसरं कॉलेज बघते. आणि ही मुलगी निकाल लागेपर्यंत वसतिगृहातून हलणार नाही."

नाव जाण्यापेक्षा आजी जाणं महाग पडलं असतं. प्राचार्यांनी मान हलवली.

मॅडमचं पुढे काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. त्या ‘तब्येतीच्या कारणासाठी’ रजेवर गेल्या, आणि नंतर दुसऱ्या कुठल्याशा कॉलेजात दिसल्या. तिथंही मुलं त्यांना गोड स्वभावाच्या म्हणत असतील. हे लिहिताना माझा तिळपापड होतो, पण खरं ते खरं.

मी तिथंच, त्या न रंगवलेल्या खोलीत बसले. धाकट्यानं लॅपटॉप पुढे केला, मी तो परत सारला आणि मुलीचा फोन मागून घेतला. काय होईल ते तडा गेलेल्या काचेवर बघत बघत आम्ही शिष्यवृत्ती यादीत परत आणली, सगळ्यात वर. सोनेरी कड काढून टाकली. तो चौकोन धाकट्यानं कायमचा पुसला.

"बघ," मी फोन तिच्या हातात दिला. "दिसतेय?"

तिनं मान डोलावली. मग तिचा अंगठा भराभर चालायला लागला. मला वाटलं, अर्ज भरतेय. आत्यानं चष्मा नाकावर घेऊन डोकावलं.

"अगं ए, हे काय करतेस?"

"वसतिगृहातल्या सगळ्यांना पाठवतेय."

"वेडी का काय! आधी स्वतःचा अर्ज भर. जेवढे जास्त अर्ज, तेवढी तुझी संधी कमी. कळतंय ना तुला?"

"कळतंय ना," मुलगी मान वर न करता म्हणाली. "मॅडमनाही कळत होतं."

आत्या पेटीची एक कडी धरून उभी राहिली. हेडक्लार्कनं पुढे होऊन दुसरी धरली, आणि दोघं ती पेटी घेऊन वसतिगृहाकडे निघाले.